अंगात शक्ती आलेली पोरं आणि वाचनालयातला रिकामा कप्पा

"असली पुस्तकं वाचून पोरं हवेत जातात."

हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीनदा ऐकलं. एकदा एका पालकाकडून, एकदा एका शिक्षकाकडून आणि एकदा आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या सभेत. वाचनालयाचं नाव घेत नाही. मंडळी ओळखीची आहेत आणि मनाने चांगली आहेत. विषय होता तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी वेगळी पुस्तकं घ्यायची का हा. ग्रंथपालांनी यादी करून आणली होती. त्यात हॅरी पॉटर होता, पर्सी जॅक्सन होता आणि त्याच जातीची आणखी काही पुस्तकं होती. म्हणजे पोरापोरींना अचानक कुठलीतरी अचाट शक्ती मिळते आणि मग त्यांचं काय होतं, अशा गोष्टी. यादी वाचली गेली तेव्हा हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "आता काय पोरांना उडायला शिकवायचं का?" विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि त्या पैशांतून भरती परीक्षांची गाईडं आली.

गाईडांशी माझं भांडण नाही. ती लागतातच. पण न उघडलेल्या पुस्तकावर हसायचं आणि वर ते मुलांच्या भल्यासाठी म्हणायचं, हे काही पटत नाही. म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

ज्यांनी ही पुस्तकं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी आधी ओळख.

रिक रिऑर्डन हा अमेरिकेतला शाळामास्तर. त्याच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी, दोन्हीचं निदान झालेलं. म्हणजे अक्षर लागत नाही आणि एका जागी बसवत नाही. त्या मुलाला झोपताना सांगायला बापाने एक गोष्ट रचली आणि २००५ साली तिचं पुस्तक झालं. नायक पर्सी जॅक्सन, वय बारा. सहा वर्षांत सहा शाळा झालेला. आपल्याकडच्या भाषेत मागच्या बाकावरचं कार्टं. पुढे त्याला कळतं की आपला बाप ग्रीकांचा समुद्रदेव आहे. इथपर्यंत तुम्ही म्हणाल, ठीक आहे, परीकथा. पण लेखकाने खरी गंमत पुढे केली आहे. इंग्रजी अक्षरं पर्सीच्या डोळ्यांपुढे नाचतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलेला आहे. तो चुळबुळतो, कारण त्याचं अंग लढाईसाठी बनलंय. शाळेने ज्या दोन गोष्टींवर लाल शेरा मारला, त्याच दोन गोष्टींवर त्याचा जीव वाचतो.

पहिलीपासून ज्याच्या वाट्याला फक्त 'ढ' हा शब्द आला, अशा एखाद्या पोराच्या हातात हे पान पडलं तर त्याला काय वाटेल, एवढाच विचार करा.

त्याच गोष्टीत देवांच्या मुलांची एक छावणी आहे. तिथे प्रत्येक प्रमुख देवाच्या मुलांना वेगळं घर. पण ज्यांच्या देव-आईने किंवा देव-बापाने अजून 'हे लेकरू माझं' असं कबूलच केलेलं नाही, त्या पोरांनी कुठे जायचं? ती सगळी एकाच घरात पथाऱ्या टाकून दाटीवाटीने झोपतात आणि वाट बघत राहतात. पुढच्या युद्धात शत्रूला जाऊन मिळणाऱ्या मुलांचा राग इथूनच सुरू होतो. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते घेत नाही. त्याऐवजी मागतो की कुठलंही मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या आईबापाने त्याला आपलं म्हटलं पाहिजे. एका दाखल्यासाठी बापाचे कागद मिळत नाहीत म्हणून तहसीलच्या व्हरांड्यात आईबरोबर ताटकळणारी पोरं मी बातमीदारीत पाहिलेली आहेत. त्यांना ही मागणी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरं उदाहरण कमला खानचं. मार्व्हल कंपनीच्या कॉमिकमधली, २०१४ पासून स्वतःची मालिका असलेली. न्यूयॉर्कला लागून असलेल्या जर्सी सिटीत राहणारी सोळा वर्षांची, पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी. घरात आईबापाची शिस्त, शाळेत गोऱ्या मुलींचे टोमणे. तिला रूप बदलण्याची, हातपाय हवे तेवढे मोठे करण्याची शक्ती मिळते. शक्ती मिळाल्यावर ती पहिल्यांदा काय करते? आपल्या आवडत्या नायिकेसारखी गोरीपान, सोनेरी केसांची होते. आणि मग तिच्या लक्षात येतं की यात आपला जीव घुसमटतोय. गोरेपणाची क्रीम ज्या देशात दर महिन्याच्या किराणा यादीत असते, तिथल्या मुलींना हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

याच मालिकेतला एक प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथला खलनायक पोरांना पळवून त्यांच्या शरीरातून वीज काढत असतो. कमला त्यांना सोडवायला जाते तर कळतं की पोरं स्वतःहून आली आहेत. त्यांना पटवून दिलेलं असतं की तुमची पिढी निकामी आहे, पृथ्वीला भार आहे, निदान बॅटरी म्हणून तरी उपयोगी पडा. कमलाची खरी लढाई यंत्राशी नसते. या पोरांच्या डोक्यात बसलेल्या 'आम्ही ओझं आहोत' या वाक्याशी असते.

आता आपल्या घरांत रोज काय बोललं जातं ते आठवा. 'तुझ्यावर एवढा खर्च केला.' 'शेजारच्याचा बघ, कुठल्या कुठे गेला.' 'तू काय कामाचा?' मग सांगा, ही गोष्ट परदेशातली वाटते का?

या जातीच्या गोष्टी नीट वाचल्या तर एक गोष्ट सगळीकडे दिसते. शक्ती येते ती बक्षीस म्हणून येत नाही, भानगड म्हणून येते. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन १९६२ सालचा. त्याआधी अशा कॉमिकमध्ये अल्पवयीन पोरगा असलाच तर बहुतेक थोरल्या वीराचा मदतनीस असायचा. इथे शाळकरी पोरगाच मुख्य झाला. आणि शक्ती मिळाल्यावर त्याच्या हातून पहिली ठळक गोष्ट कुठली घडते, तर समोरून पळणाऱ्या चोराला तो 'मला काय त्याचं' म्हणून जाऊ देतो. पुढे तोच चोर त्याच्या काकाचा जीव घेतो. १९६३ च्या एक्स-मेनमध्ये तर शक्ती वयात येतानाच प्रकट होते, आणि शेजारीपाजारी घाबरून अंगावर धावतात. त्यातल्या एका मुलीच्या कातडीचा स्पर्श झाला की समोरच्याची शुद्ध हरपते, म्हणून ती कुणाला हातही लावू शकत नाही. नायजेरियन वंशाच्या नेडी ओकोराफोर यांची २०११ सालची 'अकाटा विच' बघा. सनी नावाची बारा वर्षांची मुलगी, अंगावर कोड नाही पण जन्मतःच सगळं अंग पांढरं, उन्हात उभं राहता येत नाही, शाळेत चिडवणारे शंभर. तिला जी गुप्त दुनिया सापडते तिथे माणसातलं वेगळेपण हीच त्याची ताकद मानतात. आणि त्या दुनियेत तुम्ही काही नवीन शिकलात की आकाशातून पैसे पडतात. नवीन शिकणं हीच कमाई. आपल्या शिक्षण खात्याला सुचली नसती अशी योजना आहे.

"पण हे सगळं तिकडचं खूळ आहे हो, आपल्या मातीतलं नाही." हा पुढचा आक्षेप. सभेतही आला होता.

आपल्या मातीतलं? मग एक गोष्ट सांगतो, तुम्हाला पाठ असलेली.

चार भावंडं. बाप संन्यास सोडून संसारात परतला म्हणून घर वाळीत. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, पोरं उघड्यावर. थोरला किशोर वयाचा, धाकटी बहीण अगदी लहान. शुद्धिपत्र मागायला पैठणला जातात तर तिथे चेष्टा. आणि कथा सांगते की त्या चेष्टेला उत्तर म्हणून एका रेड्याच्या तोंडून वेद उमटले. पुढे चौदाशे वर्षं जगलेला योगी वाघावर बसून भेटायला येतो, आणि ही चौघं ज्या भिंतीवर बसलीत ती भिंतच त्याला सामोरी चालत जाते. १९४० साली प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनी 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटात हे पडद्यावर आणलं.

हे चमत्कार घडले की नाही हा आजचा विषय नाही. श्रद्धेवर बोट ठेवायचं नाही. पण सातशे वर्षं आपण कीर्तनात, ओवीत, आजीच्या मांडीवर कुणाची गोष्ट ऐकत आलो? समाजाने झिडकारलेल्या, आईबाप नसलेल्या, अंगात अचाट शक्ती असलेल्या अल्पवयीन पोरांची. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा मानतात आणि ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे वय पंधराच्या आसपास. आज त्या वयाच्या मुलाला आपण 'अजून तुला काय कळतं' म्हणून गप्प बसवतो.

आणि या कथेतला सर्वांत मोठा प्रसंग भिंतीचा नाहीच. तो आहे ताटीचा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेला ज्ञानदेव झोपडीत जाऊन दार लावून बसतो. ज्याने रेडा बोलवला, भिंत चालवली असं कथा म्हणते, तो आत, आणि दार बंद. ते दार कुठल्या सिद्धीने उघडत नाही. बाहेर उभी राहून धाकटी बहीण मुक्ता त्याची समजूत काढते तेव्हा उघडतं. ताटीचे अभंग म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी ज्या घरात पोराने आतून कडी लावलेली असते, त्या घराला या प्रसंगाचा अर्थ कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळतो.

दुसरं सांगू? आपल्या पिढीचं या वयातलं पुस्तक कुठलं होतं? 'मृत्युंजय'. १९६७ साली आलेलं शिवाजी सावंतांचं. आम्ही नववी-दहावीत असताना वाचनालयातली त्याची प्रत पानं सुटेपर्यंत फिरायची. कर्ण कोण? कवचकुंडलं घेऊन जन्मलेला, ज्याचं कुळ त्यालाच माहीत नाही, भर आखाड्यात ज्याला जात विचारली गेली असा पोरगा. अंगात सूर्य आणि कपाळावर 'सूतपुत्र'. तेव्हा आम्हाला कुणी म्हणालं नाही की हे वाचून हवेत जाल. कारण ते महाभारतातलं होतं. आता तेच महाभारत रोशनी चोक्षी नावाची लेखिका अमेरिकेतल्या बारा वर्षांच्या आरू शाहच्या गोष्टीतून सांगते, २०१८ पासून. त्यात पांडवांचे आत्मे आजच्या मुलींच्या रूपात परत येतात. म्हणजे आपलीच पोती तिकडे उघडली जातायत आणि आपण इकडे आपल्या मातीच्या नावाने दार लावून बसलोय.

आता आक्षेपांमधलं खरं तेही मान्य करू.

मुलं नक्कल करतात, हा आक्षेप हवेतला नाही. १९९७ ला दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाला तेव्हा तो वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. मुकेश खन्नांना पडद्यावर येऊन मुलांना समजवावं लागलं होतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. तो कार्यक्रम पाच-सात वर्षांची पोरंही बघत होती, आपण बोलतोय तेरा ते सतराबद्दल. आणि पडद्यावर उडी दिसते. उडीनंतरची भीती, पश्चात्ताप, घरच्यांपासून लपवाछपवी, हे सगळं उलगडायला पुस्तकाला तीनशे पानं मिळतात. नक्कल करण्याइतकं सोपं त्यात काही उरत नाही.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचा आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींत शक्ती रक्तातून येते. पर्सीचा बाप देव. म्हणजे देवाच्या पोराला शक्ती आणि आमदाराच्या पोराला तिकीट, हे सूत्र आपल्याकडे आधीच जोरात आहे, त्यात पुस्तकांची भर कशाला? शिवाय संकट आलं की एक निवडलेला वीर येणार आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही सवय लोकशाहीला बरी नाही. मान्य. पण म्हणून पुस्तक बंद करायचं की मुलांशी त्यावर बोलायचं? चांगल्या लेखकांना ही अडचण कळते, म्हणून तर पर्सी अमरत्व सोडून सगळ्यांसाठी मागतो. हा मुद्दा वर्गात काढून बघा. पोरं तुमच्या-माझ्यापेक्षा बरं बोलतील.

आता खरं दुखणं.

अचाट शक्तीच्या गोष्टी आपल्या पोरांपर्यंत पोचलेल्याच आहेत. मोबाईलवर, हिंदीत डब होऊन, पंधरा सेकंदांच्या तुकड्यांत. हाणामारी पोचली, स्फोट पोचले. पोचलं नाही ते पुस्तक, ज्यात त्या शक्तीची किंमत लिहिलेली असते. शहरातल्या इंग्रजी शाळेतली मुलगी पर्सी जॅक्सनचे भाग वाचते आणि मैत्रिणीला देते. तिच्याच वयाची आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून हायस्कुलात गेलेली मुलगी काय वाचते? बारा वर्षांपर्यंत तिच्याकडे 'किशोर' असतो, बालभारतीचा, १९७१ पासून चालू असलेला. फास्टर फेणे असतो. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश, अंगात शक्ती कसली नाही, सायकल आणि 'ट्टॉक' एवढ्यावर चोर पकडतो. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा असतात. हे सोनं आहे, वाद नाही. पण त्यानंतर? त्यानंतर एकदम ययाती, मृत्युंजय आणि गाईड. मधली पाच वर्षं कप्पा रिकामा. आणि नेमक्या त्याच पाच वर्षांत तिचं शरीर बदलतं, तिच्यावरचा पहारा बदलतो, घरात तिच्या लग्नाची कुजबुज सुरू होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. पाचातली एक. पुस्तकाने लग्न थांबत नाही, हे मलाही कळतं. पण 'माझ्यात काहीतरी आहे आणि त्याचं काय करायचं ते मी ठरवणार' हे वाक्य तिने निदान एकदा कुठेतरी वाचलेलं असावं.

तेव्हा नुसती भाषांतरं मागून भागणार नाही. इथली गोष्ट इथे लिहिली गेली पाहिजे. कशी असेल? एक नमुना देतो, कुणी लिहिणार असेल तर खुशाल घ्या.

दुष्काळी गाव. पाणाड्या आपल्याला माहीत आहे, नारळ तळहातावर घेऊन शिवारात फिरतो, नारळ उभा राहिला की इथे बोअर मारा म्हणतो. त्याच्या अंदाजावर लोकांनी लाखो रुपये मातीत घातलेत. आता समजा त्या गावातल्या नववीतल्या एका मुलीला जमिनीखालचं पाणी खरंच ऐकू यायला लागलं. पाऊल टेकलं की खाली किती फुटांवर धार आहे ते कळतं. पुढे काय होईल? पहिल्या दिवशी देव्हारा मांडतील. दुसऱ्या दिवशी पाणाड्या तिला खोटं पाडेल. तिसऱ्या दिवशी टँकरवाल्याची गाडी दारात, कारण गावाला पाणी लागलं तर त्याचा धंदा बसणार. बोअरवाला कमिशन देऊ करेल. सरपंच म्हणेल, आधी माझ्या शेतात चाल. बाप कर्जात, त्याला वाटेल देव पावला. आणि तिला एकटीला ऐकू येतंय की सगळ्यात मोठी धार वस्तीच्या पलीकडे आहे, जिथल्या लोकांना गावाच्या विहिरीवर आजही कुणी नीट उभं राहू देत नाही. शिवाय दर बोअरगणिक तो आवाज खोल खोल जातोय, हेही फक्त तिलाच कळतंय.

सांगायचं, की गप्प बसायचं? आणि सांगायचं तर कुणाला?

याला कुणी थिल्लर म्हणून दाखवा. यात पंचायत राज आहे, भूजल आहे, जात आहे, बापलेकीचं नातं आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं जे धडे करून समजत नाही, ते पोरगी एका रात्रीत वाचून काढेल. शक्तीची गोष्ट सांगायची ती यासाठी. ज्याच्या हातात काही नाही त्याच्या हातात एकदम सगळं दिलं की गाव कसं वागतं, ते उघडं पडतं.

मागणं साधं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली गावोगाव अ, ब, क, ड वर्गाची वाचनालयं उभी राहिली, सरकारी अनुदानावर चालतात. अनुदान अपुरं असतं, उशिरा येतं, यावर मी अनेकदा लिहिलंय आणि पुढेही लिहीन. पण आहे त्या पैशांत तेरा ते सतराचा एक कप्पा बसतो. त्या कप्प्यातली निम्मी पुस्तकं मुलांना निवडू द्या. प्रकाशकांनो, हॅरी पॉटर मराठीत आला आणि वाचला गेला, तेव्हा वाचक नाहीत ही सबब जुनी झाली. शिक्षकांनो, पुस्तक जप्त करायच्या आधी त्याची पहिली वीस पानं वाचा, मग काय ते ठरवा. आणि लिहिणाऱ्यांनो, कथासंग्रहाचं प्रकाशन करून झालं असेल तर जरा पंधरा वर्षांच्या वाचकासाठी लिहून बघा. कठीण आहे. तो वाचक कंटाळला की तोंडावर सांगतो.

तुमच्यापैकी जे कुणी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असतील त्यांनी येत्या सभेत हा विषय मांडावा. जे नसतील त्यांनी एक पुस्तक विकत घेऊन आपल्या वाचनालयाला द्यावं, आत पहिल्या पानावर 'वय १३ ते १७' असं लिहून. नाव घालायची गरज नाही. आणि तुम्ही चौदा-पंधराचे असताना कुठल्या पुस्तकाने तुम्हाला धरून ठेवलं होतं, ते खाली जरूर लिहा. त्याची यादी करून मी ग्रंथपालांकडे पोचवतो.